मागच्या बाकावरचा आवाज

१

शुक्रवार, सतरा ऑक्टोबर. सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात काम सुरू असताना मागच्या बाजूने एका पुरुषाचा आवाज आला.

"तारखा देऊन पैसं खाती ही बाई! इकलेली हाय!"

न्यायाधीश इंद्रायणी खळदकर लघुलेखकाला आदेश सांगत होत्या. त्या थांबल्या. वर पाहिलं. खोलीत चाळीसेक माणसं होती. त्यांच्यात शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला, एकच माणूस उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, उजवा हात टोपीच्याही वर उचललेला, मुठीत काहीतरी काळं. दारातला पोलीस शिपाई ऋषी तीन ढांगांत तिथे पोचला आणि त्याने तो हात धरला. मुठीत बटणांचा साधा मोबाइल होता.

भिमाजी तळपे, वय पासष्ट, राहणार घाटघर, धंदा शेती. त्या दिवशीच्या खटल्यात ते सरकारी पक्षाचे साक्षीदार होते, आणि घडलं ते डोळ्यांनी पाहिलेले एकटेच.

खटला आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधला. नाणेघाटाच्या रस्त्यावर एका जीपने जया उंडे या एकोणीस वर्षांच्या मुलीला उडवलं. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीप आरोपी मोहित चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. मोहितच्या घरचं आळेफाट्यावर हॉटेल आहे. त्याचं म्हणणं असं, की आपण मागच्या सीटवर झोपलो होतो आणि गाडी हॉटेलातल्या एका कामगाराच्या हातात होती. तो कामगार तेव्हापासून गावाला गेलेला आहे. स्टेअरिंगवर कोण होतं हे पाहिलं ते भिमाजींनी, बांधावरून, पंधरा पावलांवरून.

त्यांची साक्ष सात तारखांना पुढे गेली होती. आठव्या तारखेलाही मोहितच्या वकिलाने मुदतीचा अर्ज दिला. दुसऱ्या दिवसापासून न्यायालयाला दिवाळीची सुट्टी होती. अकरा चाळीसला न्यायाधीशांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अर्ज नामंजूर. साक्ष आजच होईल." त्यानंतर दोन मिनिटांनी तो आवाज आला.

"तुम्ही बोललात?" खळदकरांनी विचारलं.

भिमाजींनी एकदा मागे वळून पाहिलं. मग खाली.

"मी न्हाई बोल्लो, बाईसायब."

"मग उभे का राहिलात? हात कुणावर उगारलात?"

भिमाजींनी आपल्याच हाताकडे पाहिलं.

न्यायाधीशांनी त्यांना ताब्यात घ्यायला सांगितलं. साडेचारला त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल आणि निर्णय कोर्ट उठायच्या आत होईल. साक्ष तोवर थांबली. मोहितचा वकील उभा राहिला आणि अतिशय सौम्यपणे म्हणाला, "भर कोर्टात असं बोलणाऱ्या साक्षीदाराच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे मॅडम ठरवतीलच."

पुढच्या बाकावर जया बसली होती. तिने शेजारी भिंतीला टेकवलेल्या कुबड्यांवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

२

मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या यादीत त्या दिवशी ॲडव्होकेट वैजयंती शिंगोटे यांचं नाव होतं. मूळच्या आळेफाट्याच्या, वकिलीत अकरा वर्षं. एकच प्रश्न अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा विचारायची त्यांची सवय आवारात सगळ्यांना माहीत होती.

बाराला पाच मिनिटं कमी असताना त्या पोलिसांच्या खोलीत शिरल्या. भिमाजी बाकड्यावर होते, टोपी गुडघ्यावर. त्यांची बायको बयाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती.

"बाबा, कायदा सरळ सांगते," वैजयंती म्हणाल्या. "काम चालू असताना न्यायाधीशाचा जाणूनबुजून अपमान केला, तर कोर्ट त्याच दिवशी शिक्षा देऊ शकतं. थोडा दंड, तो भरला नाही तर कैद. प्रकार मोठा वाटला तर कागद दुसऱ्या कोर्टाकडे जातात. तिथे सहा महिन्यांपर्यंत आत जाता येतं."

"आन माफी मागितली तर?" बयाबाईंनी विचारलं.

"मनापासून मागितली तर इथल्या इथे सोडता येतं. कायद्यातच लिहिलंय तसं."

"मंग मागा की! दगडावानी काय बसलाय?"

"मी बोल्लोच न्हाई, तर माफी कशाची?"

"अवं, दोन शब्दांचं काम. आडवं पडलंय भात तिकडं. शब्दाला काय वजान हाय का?"

"हाय." भिमाजींनी वैजयंतींकडे पाहिलं. "ताई, मी माफी मागितली म्हंजी मी बोल्लो आसं झालं. मंग तो वकील म्हननार, ह्यो जजला शिव्या घालतो, ह्याचं काय ऐकता. मंग पोरीच्या पायाचं काय?"

वैजयंती बयाबाईंकडे वळल्या. "ते बरोबर बोलताहेत, मावशी."

"ते बरोबरच बोलत्यात. म्हनूनच चाळीस वर्सं मी चूक," बयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"उभे का राहिलात, बाबा?"

"ऱ्हायलो खरा. का ते ध्यानातच यीना."

"आवाज तुमच्या मागून आला?"

"मागनंच. पार कानाशी."

"कुणाचा होता?"

भिमाजींनी टोपी उचलली, डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"न्हाई वळकला."

आधीची सगळी उत्तरं त्यांनी वैजयंतींच्या तोंडाकडे पाहून दिली होती. हे एकच टोपीकडे पाहून दिलं.

बाहेर पडताना वैजयंतींनी ऋषीला विचारलं, "फोन आत कसा गेला?"

"मी सगळ्यांना दारात बंद करायला लावतो, मॅडम. आजोबांना बटण सापडेना. बरोबरच्या माणसानं करून दिला."

३

शेवटच्या बाकावर, म्हणजे भिमाजींच्या पाठीमागे, त्या वेळी तिघे होते. तिघेही अजून आवारात होते.

पहिला ज्ञानेश्वर, पारगावकडचा ऊसतोड मुकादम. त्याची स्वतःची तारीख होती, हाणामारीच्या जुन्या प्रकरणात. तो कॅन्टीनमध्ये भजी खात होता.

"बसा, वकीलबाई. मला काय बी ठावं न्हाई. मी झोपलो व्हतो."

"कोर्टात?"

"सा वर्सं येतोय. कोर्टात झोप आन घरी जागरान, आसं चाललंय. त्या बोंबेनं तर उठलो."

"बोंब कुठून आली?"

"कानापाशी. आता झोपंतल्या मान्साला डावं-उजवं काय कळतंय?"

"तुमच्या दोन्ही बाजूंना कोण होतं?"

"ह्या अंगाला पांढरं बूटवालं. त्या अंगाला, भितीकडं, पिशवीवालं. मांडीव बायकांची फुलाफुलाची पिशवी! मी म्हनलं बी, राव, बायकूनं कोर्टात बी सुट्टी दिली न्हाई व्हय? तर हसला न्हाई. आमच्यात आसं मानूस टोळीत ठिवत न्हाईत."

पांढरे बूट आदेशचे होते. आदेश मोहितच्या हॉटेलचं काम पाहतो. तो झाडाखाली लावलेल्या गाडीला टेकून उभा होता.

"मॅडम, तुम्ही आपल्या फाट्याच्या आणि संशय आमच्यावरच?"

"संशय अजून कुणावरच नाही. तुमचा फोन कुठे होता?"

"गाडीत. वकीलसाहेबांनी बजावलेलं, आत न्यायचा नाही." त्याने काचेतून आत बोट दाखवलं. फोन चार्जिंगला लावलेला होता. "म्हातारा तापला, दुसरं काय. सात तारखा म्हटल्यावर कुणीही तापेल. माफी मागू द्या, सोडून द्या. आमचं काही वैर नाही."

"आणि साक्ष?"

"होईल की. दिवाळीनंतर."

तिसरा गोरख. भिमाजींच्या मोठ्या भावाचा मुलगा, वय तीस. घाटाच्या तोंडाशी त्याचे पर्यटकांसाठी तंबू आहेत. त्या दिवशी सकाळी काका, काकू, जया आणि तिची आई कुशाबाई यांना त्यानेच आपल्या पिकअपमधून आणलं होतं. तो न्यायालयाच्या पायरीवर बसला होता. हातातल्या चहावर साय धरली होती.

"काका तापट न्हाईत, ताई. पन आज काय झालं कुनास ठावं."

"आवाज त्यांचाच होता?"

"आवाज म्होरनं आला."

"तुमच्या समोर काकाच होते ना?"

"व्हय."

"म्हणजे त्यांचाच."

"मी तसं न्हाई म्हनलं." गोरखने पेला पायरीवर ठेवला. "त्यांला तेवढी माफी मागाया लावा. माफीनं सुटत्यात ना?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलंय आसंच."

वैजयंतींनी घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. माफीने सुटका होते हे त्या आवारातल्या निम्म्या वकिलांनाही चटकन आठवलं नसतं.

४

एक वाजून पन्नास मिनिटांनी त्या पोलिसांच्या खोलीत परतल्या. ऋषी डबा खात होता. टेबलावर जप्तीच्या कागदावर भिमाजींचा फोन ठेवलेला होता. भिमाजी बाकड्यावर डोळे मिटून बसले होते. बयाबाईंनी आणलेली भाकरी तशीच होती.

वैजयंती दुसऱ्यांदा विचारणार होत्या, की उभे का राहिलात. तेवढ्यात टेबलावरचा फोन घुरघुरला आणि थरथरत दोन इंच सरकला.

भिमाजी ताडकन उभे राहिले. डोळे अजून नीट उघडलेले नव्हते. त्यांचा उजवा हात सरळ डोक्याच्या वर गेला. हात रिकामा होता.

ऋषीचा घास हातातच राहिला. मग तो हसायला लागला. "अहो आजोबा, बसा, बसा! इथं फुल रेंज आहे. टॉवर कोर्टाच्या मागंच आहे."

भिमाजी ओशाळले. खाली बसले.

"हसू नगंस बाबा," बयाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं उभं ऱ्हायल्याबिगर फोन लागत न्हाई. आदी हात वर करून धरायचा, रेंजची डांडी आली की मंग कानाला लावायचा. आख्खं गाव तसंच करतंय. ह्यांला तर झोपंत बी सवं लागलीय. मी कितींदा वढून खाली बसवलंय."

"सकाळी फोन आला होता, बाबा?"

भिमाजींनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही आठवल्याचं दिसलं.

"आला व्हता. खिशात घुरघुरला. मी काढला आन... आन मागनं ती बोंब झाली."

"पण हा फोन बंद होता ना?" ऋषी म्हणाला. "माझ्यासमोर बंद केला." त्याने हात धुतले, फोन उचलला, बटणं दाबली. "बंद कुठला! नुसता व्हायब्रेटवर टाकलाय."

"बंद करून कुणी दिला?"

"पिकअपवाला. पुतण्या ना तो यांचा?"

वैजयंतींनी फोन मागून घेतला. आताचा कॉल घाटघरहून सुनेचा होता. त्याच्याखाली दिवसातला एकच आणखी न घेतलेला कॉल. वेळ अकरा बेचाळीस.

नाव होतं जया.

५

जया व्हरांड्यात बसली होती. कुशाबाई तिच्या कृत्रिम पायाचा मांडीवरचा पट्टा सैल करत होत्या.

"सकाळी तू भिमाजीआबांना फोन केला होतास?"

"मी? आबा तर माझ्या मागंच बसल्याले. फोन कशाला करू?"

"तुझा फोन कुठे आहे?"

"ह्या पिशवीत." पिशवी पांढरी, तिच्यावर लाल फुलं. "मला दोनी हात कुबड्यांना लागत्यात ना ताई. पिशवी गोरखदादा सांभाळतो. सुट्टी झाली तवा आनून दिली त्यानं."

जयाने फोन उघडला. केलेल्या कॉलच्या यादीत भिमाजींचं नाव होतं. अकरा बेचाळीस. जयाने ते दोनदा वाचलं. पडद्यावरची तिची बोटं थांबली.

"फोनचं कुलूप कुणाला उघडता येतं?"

"मला. आयला." तिने आईकडे पाहिलं. "गोरखदादाला. त्यानंच आळेफाट्याहून आनून चालू करून दिला व्हता. मी दवाखान्यात व्हते तवा."

कुशाबाई एकदम म्हणाल्या, "न्हाई, न्हाई. त्यो पोरगा तसा न्हाई. पाय तुटला तवा ह्यानंच हिला पिकअपमंदी घातली. रगात अजून फळीवर हाय. धा धा बारी धुतलं, जात न्हाई. त्यो कशाला आसं करील?"

प्रश्न बरोबर होता.

वैजयंती भिमाजींकडे गेल्या आणि त्यांना कॉलची वेळ, पिशवी, कुलूप, सगळं सांगितलं. भिमाजींना धक्का बसला नाही. "आवाज तुम्ही ओळखला होता," वैजयंती म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"त्याचं नाव न्हाई घ्यायचं, ताई."

"मग मी तुम्हाला कसं सोडवू?"

"मी न्हाई बोल्लो एवढं सांगा. कोन बोल्लं ते माझ्या तोंडनं न्हाई."

"आणि माझ्या तोंडून?"

"तुमी माझ्याच वकील न्हवं?" भिमाजी म्हणाले. "माझा भाव गेला तवा ते पोर सा वर्सांचं व्हतं. बांधाव माझ्या खांद्याव बसून फिरायचं."

तीन चाळीसला वैजयंती पार्किंगमध्ये पोचल्या. गोरख पिकअपमध्ये बसला होता.

"जयाची पिशवी सकाळी तुमच्याकडे होती."

"बाकाव ठिवली व्हती. कुनी बी हात घालंल. तो आदेश व्हता की तिथंच."

"मुकादम म्हणतो पिशवी तुमच्या मांडीवर होती. त्याने थट्टा केली ती तुम्हाला आठवत असेल. आणि आदेशला फोनचं कुलूप येत नाही. काका फोन आला की उभे राहतात, हेही आळेफाट्याच्या माणसाला माहीत नाही."

गोरख समोरच्या काचेकडे पाहत राहिला.

"माफी मागितली आसती तर आत्तापोत्तर घरी आस्ते," तो म्हणाला.

"सकाळपासून तुम्ही माफीचंच बोलताय. काका माफी मागतील असं कुणी सांगितलं होतं का तुम्हाला? की एवढंसं होईल, तारीख पडेल, आणि कुणाचं काही जाणार नाही?"

"ताई, पाऊस उघडला की वर कोन येतंय? तंबूत कुत्रं झोपत न्हाई. गाड्या जे धाडत्यात, त्यांच्याव चूल पेटती माझी."

"कोण धाडतं?"

गोरखने चावी फिरवली. पिकअप फाटकातून बाहेर पडली आणि उजवीकडे वळली. घाटघरचा रस्ता डावीकडे होता.

६

साडेचार. खोली सकाळपेक्षा भरलेली होती. न्यायाधीशांनी भिमाजींना पुढे उभं केलं.

"माफी मागायची आहे?"

"न्हाई, बाईसायब. तुमचा अपमान झाला त्याचं लई वाईट वाटलं. पन मी न्हाई केला."

वैजयंती उठल्या. त्यांनी आधी ऋषीला बोलू देण्याची परवानगी मागितली. ऋषीने सांगितलं, की दुपारी फोन घुरघुरल्यावर हा माणूस झोपेतून उठून उभा राहिला आणि रिकामा हात वर केला. हे आपण पाहिलं, आणि आपण हसलो, हेही त्याने सांगितलं. मग वैजयंतींनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले. एकात केलेला कॉल, दुसऱ्यात आलेला. वेळ एकच.

"उभा राहिलेला माणूस ओरडूही शकतो," न्यायाधीश म्हणाल्या.

"शकतो, मॅडम. पण शब्द पाहा. 'तारखा देऊन.' अकरा चाळीसला तुम्ही तारीख नाकारली. आठ वेळा घाट उतरून आलेल्या माणसाला जे हवं होतं ते दोन मिनिटांपूर्वीच मिळालं होतं. ते वाक्य तारीख हवी असणाऱ्या माणसाने घरून तयार करून आणलं होतं. कोर्टात गोंधळ झाला तर साक्ष थांबते, आणि झालंही तसंच. त्यासाठी कुणीतरी उभं असलेलं दिसणं गरजेचं होतं. माझ्या पक्षकाराचा फोन दारात बंद केल्याचं दाखवून चालू ठेवला गेला. मग तो वाजवला गेला. ते उठणार आणि हात वर करणार, हे वाजवणाऱ्याला पक्कं माहीत होतं. त्यांच्या आडोशाने मागून ओरडलं की सगळे त्यांच्याचकडे बघणार होते."

"कॉल मुलीच्या फोनवरून आहे. मुलगी पुढे, माझ्या डोळ्यांसमोर होती. फोन कुणाकडे होता?"

"ते नाव घेऊ नये अशी मला माझ्या पक्षकाराची सूचना आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"पिशवीवालं," मागून मुकादम ज्ञानेश्वर पुटपुटला आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

पुढच्या बाकावर कुबड्यांचा आवाज झाला. जया उठत होती. कुशाबाईंनी तिचा दंड धरला. तिने तो सोडवला.

"फोन गोरखदादाकडं व्हता, मॅडम. माझी पिशवी तोच धरतो. कुलूप बी त्याला येतं."

भिमाजींनी डोळे मिटले.

न्यायाधीशांनी आदेश मराठीत सांगितला, सावकाश, समोरच्यांना कळेल असा. आवाज आपण ऐकला, माणूस आपण पाहिला आणि दोन्ही एकच धरलं. त्याला आता पुरेसा आधार दिसत नाही. भिमाजी तळपे यांच्याविरुद्धची कारवाई बंद करण्यात येते. माफीची आवश्यकता नाही. अपमान मात्र झालेला आहे, आणि त्याबद्दल गोरख तळपे यांच्याविरुद्ध स्वतंत्र तक्रार दुसऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्यात येत आहे. ती आपण स्वतः चालवणार नाही.

मोहितचा वकील उठला. "मॅडम, पाच वाजत आले. साक्ष सुट्टीनंतर..."

"बसा," खळदकर म्हणाल्या. "आजच होईल असं मी सकाळी सांगितलं होतं."

पाच वाजून आठ मिनिटांनी भिमाजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. त्यांनी शपथ घेतली. पावसाचं काय, धुकं किती, बांध कुठे, जीप कोणत्या अंगाने आली, सगळं सांगितलं. स्टेअरिंगवर कोण होतं, असं सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. नुसतं मोहितकडे पाहून सांगितलं, "हेच व्हते. उतरले, पोरीकडं बघितलं, आन मागच्या शिटाव जाऊन बसले."

सकाळचा आवाज कुणाचा होता, हे त्यांना पिंजऱ्यात कुणीच विचारलं नाही. न्यायाधीशांनीही नाही. त्या खटल्याचा तो प्रश्न नव्हता.

कोर्ट पाच बावन्नला उठलं. चौघांना परत न्यायला गाडी नव्हती. ऋषीने स्टँडवर फोन करून शेवटची एसटी पाच मिनिटं थांबवली.

७

उलटतपासणी नोव्हेंबरच्या अखेरीस आहे. ओरडण्याशी आपला काही संबंध नाही, असं मोहितच्या वकिलाने लेखी दिलं आहे. आदेश आणि गोरख यांच्यात त्या आठवड्यात काय बोलणं झालं, याचा कागद कुठेही नाही.

गोरख चार दिवसांनी घाटघरला परतला. नोटीस त्याने दारातच घेतली. आपण ओरडलो नाही, पिशवी बाकावर होती, असं त्याचं म्हणणं आहे. त्याच्याविरुद्ध कॉलची वेळ आहे, ऋषीचा जबाब आहे, मुकादमाची थट्टा आहे आणि जयाचं कोर्टातलं सांगणं आहे. यातून फोन कुणी लावला ते दिसतं. ओरडलं कोण, हे सांगू शकेल असा माणूस एकच आहे.

एकोणतीस ऑक्टोबरला बेलिफ गोरखविरुद्धच्या प्रकरणातलं समन्स घेऊन घाटघरला गेला. भिमाजी खळ्यावर भात झोडत होते. साक्षीदार क्रमांक एक, बारा नोव्हेंबर, सकाळी अकरा. बेलिफने कागद वाचून दाखवला.

"पुतन्याच्या बाबतीत बी तीच शपत आसती का?" भिमाजींनी विचारलं.

"शपथ एकच असते, आजोबा. सगळ्यांना."

भिमाजींनी हात धोतराला पुसले आणि सही केली. बारा तारखेला ते काय सांगणार आहेत, हे त्यांनी अजून बयाबाईंनाही सांगितलेलं नाही.